बेस कॅम्प प्रमुखांची सॅक

सोलापुरात डोंगर नाही. गावाच्या मधोमध एक भुईकोट किल्ला आहे. त्याच्या तटावर चढायला पाच मिनिटं पुरतात आणि उतरल्यावर भेळ मिळते. पण नसलेल्या गोष्टीचं मंडळ काढायला आपल्याकडे कुणाची आडकाठी नसते. त्यामुळे सोलापुरात ‘पायवाट दुर्गप्रेमी मंडळ’ आहे, त्याला अध्यक्ष आहेत, कार्याध्यक्ष आहेत, दोन सल्लागार आहेत, आणि भारतराव खांडेकर आहेत.

भारतराव हे मंडळाचे बेस कॅम्प प्रमुख. हिमालयातल्या मोहिमांत असं पद असतं हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि लगेच स्वतःसाठी मागून घेतलं. काम असं, की मंडळाची बस गडाच्या पायथ्याला लागली की बाकीच्यांनी गड चढायचा आणि भारतरावांनी खाली थांबायचं. थांबून पिठलं-भाकरी किती जणांची ते हॉटेलवाल्याला सांगायचं, चढणाऱ्यांच्या जास्तीच्या पिशव्या राखायच्या, आणि माणसं उतरायला लागली की मोजायची. अठरा वर्षं ते माणसं मोजत होते. मंडळाच्या वहीत मात्र बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या नावापुढं गडाचं नाव पडतं. त्यामुळे भारतरावांचे एकशे चार गड झाले होते. त्यांतले पायांनी केलेले तीन. एक राजगड, तरुणपणी. एक सिंहगड, जिथं गाडी वरपर्यंत जाते. आणि एक नळदुर्ग, जिथं चढावंच लागत नाही.

एरवी ते सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. वय सत्तेचाळीस. टेबलाच्या काचेखाली फोटो: भारतराव आणि मागे रायगड, भारतराव आणि मागे तोरणा, भारतराव आणि मागे हरिश्चंद्रगड. गड सगळीकडे मागेच. शिपायापासून साहेबापर्यंत कुणी कामाला आलं की आधी फोटो बघावे लागत, मग कागद पुढं सरके.

या भारतरावांनी सहा वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन एक सॅक घेतली. साधीसुधी नव्हे. जाड निळं कापड, दुहेरी शिवण, पाठीला टेकायला आतून धातूच्या पट्ट्या, कंबरेला हातभर रुंद पट्टा, छातीवर वेगळा पट्टा, आणि कप्पे इतके की एखादी वस्तू ठेवली तर पुन्हा सापडायला रविवार लागावा. दिवस दिवस रानात हिंडणाऱ्यांसाठीच ती बनवली आहे, असं दुकानदारानं सांगितलं. वर म्हणाला, “साहेब, ही सॅक फाटायची नाही. तुमची मुलं वापरतील.” भारतरावांना हे आशीर्वादासारखं वाटलं, आणि त्यांनी वैजयंतीला, म्हणजे बायकोला, सॅकची किंमत निम्मीच सांगितली.

आता टिकाऊ वस्तू घरात आली की ती जपायची, ही आपली रीत. ज्या घरात फ्रिजला झगा असतो, रिमोट प्लास्टिकमध्ये असतो आणि सोफ्यावरचं पॉलिथिन मुलीचं लग्न ठरेपर्यंत निघत नाही, त्या घरात पन्नास लिटरची सॅक उघडी कशी राहणार? भारतरावांनी शिंप्याकडून तिला जुन्या चादरीचा अंगरखा शिवून घेतला. सॅकबरोबर कंपनीनं पावसासाठी एक आवरण दिलं होतं. त्या आवरणाला धूळ लागू नये म्हणून त्याला उशीचा अभ्रा घातला. मग सगळं कपाटावर गेलं. गडावर न्यावी तर काट्यात अडकायची, बसमध्ये ठेवावी तर कुणी पाय द्यायचं. भारतराव ट्रेकला कापडी पिशवी घेऊन जात.

“अहो, एकदा तरी न्या हो तिला बाहेर,” वैजयंती म्हणायची. “माझ्या लग्नातला शालूसुद्धा मी तीनदा नेसले.”

पण सॅकवर भाषण द्यायला भारतराव कुणाला ऐकत नसत. कॉलेजात, गणेशोत्सवात, सोसायटीच्या बैठकीत, विषय कोणताही असो. जड सामान पाठीला लागून भरावं, हलकं तळाशी भरावं, भार खांद्यावर नको, कंबरेवर हवा. ऐकणाऱ्या पोरांना वाटे, या माणसाच्या कंबरेवर सह्याद्री उभा आहे. कंबर तशी होतीही.

खरं तर चालण्याची भारतरावांच्या घराण्यात काही वाण नव्हती. सांगोला तालुक्यातली एक वाडी, पाऊस नावाला, आणि आई-वडील मेंढरं राखणारे. वडील सिदू, आई अंबुबाई, मेंढरं ऐंशी. दिवाळी झाली की वाडीतली चार-पाच बिऱ्हाडं घोड्यावर संसार लादून मेंढरांसह पश्चिमेला निघायची, ती चरत चरत घाट उतरून कोकणाच्या अंगाला जायची आणि मृगाच्या सुमाराला माघारी यायची. भारतही वयाच्या नवव्या वर्षापर्यंत त्यांच्याबरोबर चालला होता. मग मास्तरांनी त्याला वसतिगृहात घातलं, आणि तिथं त्याला कळलं की चालणारे लोक अडाणी असतात. पुढं नोकरीत आल्यावर कळलं की पुण्याचे डॉक्टर-इंजिनिअरसुद्धा चालतात, फक्त पैसे भरून आणि बूट घालून. तेव्हापासून भारतरावांना चालण्याचा फार अभिमान वाटू लागला. आईबापाच्या चालण्याचा नव्हे, डॉक्टर-इंजिनिअरांच्या. गावी काय असतं असं कचेरीत कुणी विचारलं तर ते “थोडी शेती” असं म्हणत आणि काचेखालचा रायगड दाखवत.

मंडळ दर वर्षी आषाढात, म्हणजे ट्रेकचा हंगाम सुरू होताना, एकाला ‘भटकंतीभूषण’ पुरस्कार देई. त्या समारंभात एक विधी असे, आणि तो सोलापूर सोडून जगात कुठं होत असेल असं वाटत नाही. दसऱ्याला आपण हत्यारं पूजतो, तशी इथं सत्कारमूर्तीची सॅक पूजत. स्टेजवर टेबल, टेबलावर चादर, चादरीवर सॅक. तिला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ. मंडळाचे अध्यक्ष महिपतीअण्णा, ज्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, ते स्वतः उदबत्ती ओवाळत.

गेल्या वर्षी पुरस्कार अजिनाथ मास्तरांना मिळाला. हे मास्तर खरोखरच चढणारे. त्यांची सॅक टेबलावर ठेवली तेव्हा मागच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. रंग कोणता होता ते ओळखू येत नव्हतं, एक पट्टा सायकलच्या ट्यूबचा होता, तळाला गोणपाट शिवलेलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी उठून तिला नमस्कार केला. त्याच भरात महिपतीअण्णांनी माइकवर जाहीर करून टाकलं, की पुढच्या वर्षीचे भटकंतीभूषण, आपले शंभर गडांचे धनी, बेस कॅम्प प्रमुख भारतराव! टाळ्या पडल्या. भारतराव उठून हात जोडायला लागले आणि उठता उठताच त्यांना घरचं कपाट आठवलं. त्यांची सॅक कोरी होती. आतल्या कप्प्यात दुकानातलं ते ओल शोषणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांचं पाकीटसुद्धा तसंच होतं.

हसण्यावारी नेण्यासारखं हे त्यांना वाटलं नाही, आणि त्यांच्या जागी कुणालाच वाटलं नसतं. कचेरीत त्यांना कुणी विचारत नव्हतं, घरात मान बेताचा होता. माणूस म्हणून त्यांना ओळखणारी एकच जागा होती, ती म्हणजे हे मंडळ. तिथं टेबलावर कोरी सॅक बसली असती तर अठरा वर्षांची अब्रू उदबत्ती विझायच्या आत गेली असती.

मग भारतराव सॅक जुनी करायला लागले.

आधी पॉलिशपेपरनं घासली. पेपर गुळगुळीत झाला. मग गच्चीवर विटेनं घासली, तर विटेचा चुरा पडला आणि झटकल्यावर सॅक होती तशी. वर चहा ओतला. तो कापडावरून मोत्यांसारखा घरंगळला आणि फरशी खराब झाली म्हणून बोलणी खावी लागली. सोलापूरचं आश्विनातलं ऊन तिला पंधरा दिवस दाखवलं. त्या उन्हात शेजाऱ्यांची पाण्याची टाकी तडकली, सॅकचा निळा रंग मात्र हलला नाही. शेवटी एका रविवारी बोळात कुणी नाही असं बघून त्यांनी तिच्यावरून स्कूटर नेली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा स्कूटरचं मडगार्ड वाकलं.

दुकानदार खरं बोलला होता.

दिवाळीला ते वाडीवर गेले तेव्हा बिऱ्हाडं निघायच्या तयारीत होती. आई खताच्या रिकाम्या पोत्याची झोळी पाठीला बांधून अंगणात हिंडत होती. झोळीतून कालच जन्मलेल्या कोकराचं तोंड बाहेर आलेलं. वाटेत जन्मलेलं कोकरू कळपाबरोबर चालू शकत नाही; ते पाठीवर न्यावं लागतं. पोत्याची सुतळी अंबुबाईच्या खांद्यात रुतली होती आणि तिथली कातडी काळी पडली होती. लेकरू म्हणून हे बघून पोटात तुटायला हवं. भारतरावांच्या डोक्यात मात्र वीज चमकली. इतकी, की ते मधल्याच दिवशी सोलापूरला गेले आणि भाऊबीजेला सॅक घेऊन परत आले.

“आये, तुज्यासाठी आणली,” ते म्हणाले. वाडीवर आले की त्यांची भाषा आपोआप बदलत असे.

अंबुबाईनं हात लुगड्याला पुसले आणि मग सॅकला हात लावला. “आगं बया. म्हाग असंल रं.”

“असू दे.”

“केवडी हाय म्हनायची ही?” सिदूनं विचारलं.

“पन्नास लिटर, आबा.”

“पन्नास लिटर? दूद न्यायचंय व्हय?”

अंबुबाईनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं देवळीतला बिरोबाचा भंडारा आणून सॅकला लावला, ती पाठीवर घेतली आणि तशीच शेजारणीकडं गेली. तिथून पुढच्या घरी. तासाभरात सगळ्या वाडीला कळलं, की भारतनं आईला पाठीवरची पिशवी आणली, आत धातू हाय, खांद्याला गादी हाय. आजवर भारतनं वाडीवर आणलेल्या वस्तू म्हणजे मंडळाचं कॅलेंडर आणि संपत आलेली औषधं. भारतरावांना जरा लाज वाटली. वाटली म्हणजे वाटली, नाही म्हणायचं कारण नाही. पण ती एसटीत खिडकीजवळ जागा मिळेपर्यंतच टिकली.

त्यानंतर ते दर आठवड्याला आईला फोन करू लागले. आधी वर्षातून चारदा करत.

“आये, सॅक कशी हाय?”

“लई झ्याक हाय की. पाट दुकत न्हाय आता.”

“फाटली-बिटली का कुटं?”

“न्हाय रं! कशी फाटंल?”

“घासली तरी असंल की,” भारतराव आशेनं विचारत.

“तू नगं काळजी करू. जिवापाड जपती मी.”

भारतराव हताश होऊन फोन ठेवत. आणि तिकडं कुठल्यातरी माळावर, चुलीपुढं, अंबुबाई दुसऱ्या बायकांना सांगत असे, की माझा लेक आता दर आठ दिसाला फोन करतो. पहिल्यापेक्षा लई माया आलीय त्याला.

ज्येष्ठात मेंढरं माघारी आली आणि दुसऱ्याच दिवशी भारतराव वाडीवर हजर झाले. सॅक खुंटीला टांगली होती. ते बघतच राहिले. निळा रंग उडून राखाडी झाला होता. तळ घासून घासून चकाकत होता. कोकरांनी चेनीच्या दोऱ्या चघळून कुरतडल्या होत्या, शिवणीशिवणीत भंडारा जाऊन बसला होता, एका कोपऱ्याला घोंगडीचं ठिगळ होतं, आणि दूध, लेंड्या, धूर, पाला असा सगळा मिळून जो वास होता तो पोत्यात घालून तोंड बांधलं तरी येत होता. सहा वर्षांत आपल्याला जे जमलं नाही ते आईनं सात महिन्यांत केलं, याचा भारतरावांना अगदी निर्मळ आनंद झाला.

“दुरुस्तीला नेतो. चार दिसात आणून देतो,” ते म्हणाले.

“तिला काय झालंय दुरुस्तीला?” अंबुबाईचा हात खुंटीकडं गेला होता, तो तिथंच राहिला. “मी काय तक्रार केली व्हय?”

“कंपनीचा नियम असतो, आये. वरसातनं एकदा न्यावी लागती.”

कंपनीचा नियम म्हटल्यावर तिनं मुकाट्यानं सॅक रिकामी करून दिली. भारतरावांनी ती एकदाही पाठीवर घेऊन पाहिली नाही. अंगाला वास लागला असता.

समारंभ आषाढातल्या एका रविवारी सकाळी होता. भारतराव नवा सदरा घालून स्टेजवर बसले. टेबलावर सॅक, सॅकला हार. पहिल्या रांगेतले लोक वासानं दुसऱ्या रांगेत सरकले, तेव्हा महिपतीअण्णांनी माइकवरून सांगितलं, की हा सह्याद्रीच्या रानाचा सुगंध आहे, नशीबवानांना मिळतो. लोक पुन्हा पुढं येऊन बसले. “काय काय बघितलं असेल या सॅकनं!” अण्णांनी हारावर हात ठेवला. “किती कडे, किती कपारी! एकशे चार गड या पाठीवर चढले, मित्रांनो!” भारतरावांनी मान खाली घातली. विनय दाखवायची त्यांची हीच पद्धत होती.

मान वर केली तर समोर तिसऱ्या रांगेत वैजयंती, आणि तिच्या शेजारी आई आणि आबा.

सासू-सासऱ्यांना बोलावलं नाही तर लोक मलाच नावं ठेवतील, असा वैजयंतीनं विचार केला होता आणि परभारे फोन करून टाकला होता. सॅक सासूला पाठीला लागते म्हणून परत आली, असं नवऱ्यानं तिला सांगितलेलं. त्यात काही काळंबेरं असेल असं तिला वाटलं नव्हतं. अंबुबाई टेबलाकडं बोट दाखवून सिदूच्या कानात काहीतरी सांगत होती. भारतरावांच्या सदऱ्याची पाठ भिजली. आई तिसऱ्या रांगेतच राहावी, एवढंच ते आता देवाकडं मागत होते.

पण सोलापुरात सत्कार एकट्याचा होत नाही. “सत्कारमूर्तींचे आईवडील इथं आहेत असं कळतं,” अण्णा म्हणाले. “त्यांनी वर यावं.” सिदूला फेटा बांधला, अंबुबाईला शाल आणि नारळ दिला, आणि दोघांना सॅकच्या बाजूला उभं केलं.

पाहुण्या म्हणून शिवलीला आल्या होत्या. अक्कलकोटकडच्या, तिशीच्या, हिमालयातली तीन शिखरं चढलेल्या. बाकीचे सॅकला हात जोडत होते. त्यांनी मात्र ती उलटीपालटी करून बघितली, मेस्त्री गाडी बघतो तशी. तळावर हात फिरवला, चेन ओढून पाहिली. “ही फार चाललेली सॅक आहे,” त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. “अशी मी फार कमी बघितली. सर, मुलांना जरा पाठीवर घेऊन दाखवा ना. भार नेमका कुठं बसतो ते कळेल त्यांना.”

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. भारतरावांनी तर यावर शंभर भाषणं दिली होती. त्यांनी हार काढला, डावा हात पट्ट्यात घातला, आणि उजवा घालायला गेले. तो जाईना. पट्टा ओढून सैल करायला बघितलं, तर तो काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं पक्का शिवून टाकलेला. कंबरपट्टा शोधला, तो नव्हताच, मुळापासून कापलेला. त्यांनी श्वास आत घेतला, खांदा पाडला, पुन्हा हात घातला. सॅक कोपरात अडकली आणि ती सोडवायला ते जागच्या जागी गरगर फिरले. एकदा फिरले, दोनदा फिरले. मागच्या बाजूला कुणीतरी हसलं, आणि मग पुष्कळ जण हसले.

लेकाला लोक हसतात हे अंबुबाईला सहन झालं नाही.

“आरं थांब, थांब. असं न्हाय,” ती पुढं झाली. “पट्टा मी माज्या मापानं शिवलाय, तुला कसा व्हईल?” नारळ तिनं सिदूच्या हातात दिला, लेकाच्या कोपरातून सॅक सोडवली, एक हिसका दिला आणि ती पाठीवर घेतली. सॅक पाठीला अशी बसली की जणू उतरलीच नव्हती. “हां. आता बगा, कुनाला बगायचं त्ये.”

शिवलीलांनी माइक बाजूला ठेवून आपल्याकडच्या कानडी वळणानं विचारलं, “अव्वा, ही सॅक तुम्ही वापरता?”

“मग! माज्या लेकानंच दिली की मला, दिवाळीला. तवापास्नं माज्या पाटीवरच हाय.” लोक गप्प आहेत म्हणजे त्यांना नीट कळलेलं नाही, असं तिला वाटलं, म्हणून ती लेकाची आणखी बाजू घ्यायला लागली. “लई गुनाचा हाय. दर आठ दिसाला फोन करून इचारायचा, पिशवी कशी हाय, पिशवी कशी हाय. आटपाडी, विटा, कऱ्हाड, पाटन, मग घाट उतरून चिपळूनच्या अंगाला गेलो, तसंच माघारी आलो. ह्या मधल्यात कोकरू बसतं. ह्या बाजूच्यात त्याची दुदाची बाटली. कंबरचा पट्टा घोड्याला घातलाय, त्यो वाया न्हाय घालवला. आन ह्ये बगा.” छातीवरच्या पट्ट्याचा चाप तिनं तोंडात धरला आणि शीळ घातली. चापात शिट्टी आहे हे भारतरावांना सहा वर्षांत ठाऊक झालं नव्हतं.

“दिवसाला किती चालता, अव्वा?”

“मेंढरं चालतील तितकं.”

शिवलीलांनी खाली वाकून लोकरीचा टाका निरखला. मग सरळ होऊन भारतरावांकडं बघितलं.

त्या वेळी माइक भारतरावांपासून हातभर अंतरावर होता. चार शब्द बोलायचे होते. ही सॅक माझी नाही, हे चालणं माझं नाही, एवढंच. ते शब्द त्यांच्या तोंडात आले होते हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो. पण महिपतीअण्णांचं सारं आयुष्य दुकानात गेलेलं. पोचा पडलेलं भांडं कोणत्या बाजूनं दाखवायचं हे त्यांना कळतं. त्यांनी माइक उचलला. “बघा, मित्रांनो! याला म्हणतात संस्कार! आईच्या पाठीवरून लेकराच्या पाठीवर आलेला सह्याद्री! टाळ्या!” लोकांनाही सुटल्यासारखं झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मानपत्रावर नाव छापलेलं होतं, चौकट करून झाली होती, जेवणं थंड होत होती. अण्णांनी चौकट भारतरावांच्या हातात दिली आणि माइक तोंडापुढं धरला.

“धन्यवाद,” भारतराव म्हणाले.

फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा फोटोग्राफर म्हणाला, “आज्जी, जरा बाजूला व्हा, पिशवी मधे येतीय.” अंबुबाई बाजूला झाली.

जेवण उरकल्यावर शिवलीला अंबुबाईशी बोलत बराच वेळ बसल्या होत्या. मंडळातल्या कुणी भारतरावांकडं येऊन काही विचारलं नाही, आणि कुणी नेहमीसारखी पाठही थोपटली नाही. वैजयंती एकटीच रिक्षा करून घरी गेली. जाताना बोलली ती फक्त सासूशी: “आत्याबाई, पुढच्या वेळी घरी या. समारंभाला नको.”

तीनची गाडी होती. रिक्षाला सिदूनं नको म्हटलं. एवढ्याशाला कशाला रिक्षा. तिघं एसटी स्टँडकडं चालत निघाले. आषाढ असून आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सिदू पुढं, फेटा काखेत. मागं अंबुबाई, पाठीवर सॅक. ती परत मागायची हिंमत भारतरावांना झाली नव्हती, आणि ती परत द्यायची असते हे तिच्या मनातही आलं नव्हतं. दुरुस्ती झाली असेल, असं तिनं धरलं होतं. सगळ्यांत मागं काचेची चौकट छातीशी धरून भारतराव. सात रस्त्याच्या आधीच त्यांना धाप लागली आणि ते एका पानटपरीच्या सावलीला टेकले.

आई थांबली. चौकटीतल्या सोनेरी अक्षरांकडं तिनं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

“भारत, ह्ये तुला कशापायी दिलं रं?”

“चालल्याबद्दल, आये.”

तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. खोटं पकडायला नव्हे. तिला खरंच कळलं नव्हतं.

“कोन चाललं?”

भारतरावांनी चौकट या हातातून त्या हातात घेतली. घाम डोळ्यांत गेला होता. त्यांनी तो सदऱ्याच्या बाहीनं पुसला.

पुढं गेलेला सिदू मागं न बघताच म्हणाला, “गप की गं आता. लेकरू दमलंय.”